कुशाबाई शुद्ध बोलते

निमगाव केतकीच्या राजेश्वरीनं इंटरनेटवर स्वतःचं एक पान काढलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं 'सध्या'. जगभरचे प्रोग्रॅमर असलं पान ठेवतात म्हणे. सध्या मी काय करतोय, काय शिकतोय, रिकाम्या वेळात कुठं रमतोय, हे तिथं लिहायचं आणि महिन्याच्या महिन्याला बदलायचं. वाचतं कोण, हे विचारायचं नाही. राजेश्वरीचं पान मात्र एक माणूस नेमानं वाचायचा, तो म्हणजे तिचे वडील हिंदुराव. सकाळी पानमळ्यातनं चक्कर मारून आले की ते ओट्यावर बसायचे, चष्मा लावायचे, फोनवर लेकीचं पान उघडायचे आणि शेरा मारायचे.

"पवायला शिकतीया, असं जानेवारीत लिव्हलंस. आता नोव्हेंबर लागला. हिर काय तुज्याकडं चालत यायची हाय का?"

"तात्या, डबा बांधून उतरते की मी रोज. तुमी बघितलंय."

"डबा पवतोय. तू नुसती त्याच्यासंगं जातीस."

पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत उतरणारी तीस वर्षांची बाई अख्ख्या गावात एकटी हीच, पण तिला त्याची लाज नव्हती. पुण्याच्या कंपनीची नोकरी घरात बसून करायची, शनिवार-रविवारी पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करत हिंडायचं, वर्षात शंभर पक्षी पुरे करायचे (त्र्याऐंशी झाले होते), आईसारखी भाकरी थापायची (ती अजून गोल होत नव्हती). असं सगळं त्या पानावर ती बिनधास्त लिहायची. त्या महिन्यात मात्र अगदी खाली एक ओळ नवी होती. 'कान : या महिन्यात कुणी वापरायला घेतला तर ठीक. नाहीतर बंद.'

ती ओळ हिंदुरावांनी दोनदा वाचली आणि त्यावर काही शेरा मारला नाही.

आता हा 'कान' काय ते सांगायला पाहिजे. झालं असं, की दोन वर्षांपूर्वी एका सकाळी राजेश्वरी उजनी धरणाच्या फुगवट्यावर पक्ष्याचा आवाज टिपत बसली होती आणि मागं एक बाई म्हशीला शिव्या देत होती. चांगली चार मिनिटं दिल्या, आणि एक शिवी दोनदा दिली नाही. घरी येऊन राजेश्वरीनं पक्षी पुसला आणि बाई ठेवली. मग सहज गंमत म्हणून ते बोलणं तिनं एका मोठ्या कंपनीच्या यंत्राला ऐकवलं. बोललेलं लिहून देणारं यंत्र ते. त्यानं काय करावं? 'म्हस हाय का कोण हाय तू' यातला 'हाय' त्याला इंग्रजी नमस्कार वाटला. 'व्हय' म्हणजे त्याला इंग्रजीतला 'का?' वाटला. बाई म्हशीचं सात पिढ्यांचं काढत होती आणि हे शहाणं तिला दर वाक्याला रामराम घालत होतं.

राजेश्वरी आधी पोट धरून हसली. मग तिचं डोकं फिरलं. "आमी इतकी गावं असंच बोलतो," ती आईला म्हणाली, "म्हंजी आमी काय मुकं हाय का?"

तिथनं ती जी पेटली ती पेटलीच. दूध संकलन केंद्रावर, पानांच्या बाजारात, आठवडी बाजारात, विहिरीवर, जिथं चार माणसं बोलतात तिथं ही फोन घेऊन हजर. "बोला, काय बी बोला, माझ्याकडं बघू नका." असं गोळा केलेलं बोलणं तिनं स्वतः बनवलेल्या यंत्राला शिकवलं, तोच हा कान. पुस्तकी मराठी मात्र एक थेंबही पाजली नाही. ती समजणारी यंत्रं पैशाला पासरी मिळतात, आपण कशाला त्यात पडा, असा तिचा हेका. आणि यंत्रानं उत्तर द्यायचं तर कुणाच्या आवाजात? आईच्या. यंत्रानं आवाज उचलावा म्हणून द्वारकाबाईंनी चार दुपारी बसून वाक्यं बोलून दिली, वर म्हणाल्या, "माजा आवाज काय करायचाय? मला काय गाता येतंय?"

आणि हीच राजेश्वरी, बरं का, सकाळी दहा वाजता कंपनीची मीटिंग सुरू झाली की खोलीचं दार लावून घ्यायची. आईची हाक आत ऐकू जाऊ नये म्हणून. मग आतनं जी मराठी ऐकू यायची ती थेट सदाशिव पेठेतली. 'हो ना', 'नाही ना', 'अगदी बरोबर'. जगाच्या यंत्राला गावचं बोलणं शिकवायला निघालेली ही पोरगी स्वतः ते रोज दहाला गिळून टाकायची. हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आपलं मुसळ आपल्याला दिसतंय थोडंच?

तर कान तयार झाला. पण घेणार कोण? याआधी तिनं तीन उद्योग अर्धवट टाकले होते. त्यातला एक नेमका कशासाठी होता हे आता तिलाही सांगता येत नव्हतं. कानाचं तसं व्हायला नको होतं, कारण त्यात कुशाबाई होती.

कुशाबाई ही भावकीतली चुलती. दोन गाई, त्यावरच तिचा सगळा जीव. गेल्या वर्षी एका गाईच्या कासेला दगडी झाली. कास सुजते, कडक होते, वेळेत डॉक्टर आला नाही तर सड, म्हणजे आचळच, निकामी होतो. कुशाबाईनं डेअरीच्या डॉक्टरच्या नंबरला फोन लावला. तिकडनं ध्वनिमुद्रित बाई सुरू : अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. कुशाबाईला अक्षरओळख नाही. डॉक्टर तिसऱ्या दिवशी आला आणि गाईचा एक सड कायमचा गेला. तेव्हापासून राजेश्वरीच्या मनात पक्कं होतं की असा फोन पाहिजे, की उचलला आणि बोललं, की झालं. कुठलं बटण नाही. बाई बोलेल, कान ऐकेल, निरोप डॉक्टरकडं जाईल.

तिनं डेअऱ्यांना वीस-बावीस पत्रं धाडली. एकीचं उत्तर आलं. बारामती एमआयडीसीतली डेअरी, अकरा हजार दूध घालणारे. 'शुक्रवारी अकरा वाजता या. अर्धा तास देतो.' खाली सही, दूध संकलनाचे प्रमुख रणजित. जमलं तर अकरा हजार घरांत कान लागणार होता. नाही जमलं तर पानावर लिहिलंच होतं, बंद.

घाबरली असेल म्हणाल, तर अजिबात नाही. यंत्र चालतंय हे तिला ठाऊक होतं. कुशाबाईच्या गोठ्यात तिनं ते दहा वेळा चालवून बघितलं होतं. बाई शेण काढता काढता बोलायची आणि कान एक शब्द चुकायचा नाही.

"काकू, शुक्रवारी माज्यासंगं बारामतीला चल. हितं बोलतीस तसंच सायबापुढं बोलायचं. दुसरं काय न्हाय."

"त्यात काय," कुशाबाई म्हणाली. "बोलायला काय पैसं पडत्यात?"

शुक्रवारी सकाळी कुशाबाई लग्नाकार्याचं पातळ नेसून गाडीत बसली. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांमागून राजेश्वरी गाडी रेटत होती. एरवी टकळी चालणारी कुशाबाई आज गप्प. नुसते ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असेल, असं राजेश्वरीला वाटलं. बरंच आहे, म्हणून तीही गप्प बसली.

रणजितसाहेब चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, टेबलावर दोन फोन. बोलणं मोजकं. "बसा. पाणी घ्या. हं, सुरू करा."

राजेश्वरीनं संगणक उघडला, भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला आणि दहा मिनिटं बोलली. झकास बोलली. 'आमचा असा दावा आहे', 'आपल्या लक्षात येईल'. सगळं कसं मीटिंगमधलं. साहेब मान हलवत होते. मग तिनं माईक कुशाबाईपुढं ठेवला आणि त्याच सुरात म्हणाली, "तर कुशाबाई, आता आपण आपली अडचण सांगावी."

कुशाबाईनं तिच्याकडं पाहिलं. जिला टोपल्याखाली झाकून ठेवून तिनं लपाछपी खेळवली होती ती पोर तिला 'आपण' म्हणत होती. कुशाबाईनं पदर सारखा केला, पाठ ताठ केली, आणि गाडीत साऱ्या वाटेनं जे पाठ केलं होतं ते सुरू केलं.

"णमस्कार. मी कुशाबाई, णिमगाव केतकी येथूण बोलत आहेत. माझी गाय ही आजारी आहेत. तिणे कालपासूण वैरणीचे भक्षण केलेले णाही आहेत."

 बाई शुद्ध बोलायला लागली होती! तेही असं शुद्ध, की पुण्यालाही कळलं नसतं. जिथं न पाहिजे तिथं ण, आणि प्रत्येक गोष्टीला आहेत. पडद्यावर कानाची ओळ सरकली : 'माजी गाय राक्षस हाय. काल वैरी आला हुता.'

आणि लगेच यंत्रातनं द्वारकाबाईंचा गोड आवाज : "बाई, राक्षस कुठं हाय?"

रणजितसाहेबांनी हसू दाबलं. मग घड्याळाकडं बघितलं. "पुन्हा एकदा घेऊ या का?" ते म्हणाले. माणूस सभ्य होता.

पुन्हा घेतलं. कुशाबाईनं आणखी जोर लावला. यावेळी तिनं 'पशुवैद्यकीय' असा शब्द कुठनं तरी आणला आणि तो म्हणताना मधेच अडकली. पडद्यावर काय उमटलं ते सांगण्यात अर्थ नाही. तिसऱ्यांदाही तेच. कुशाबाईच्या कपाळावर घाम. तिला वाटलं आपण अजून पुरेसं शुद्ध बोलत नाही.

"मॅडम," साहेब म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पण शेतकऱ्याचंच बोलणं याला समजत नसेल तर..." आणि त्यांचा हात फोनकडं गेला.

राजेश्वरी यंत्र तपासत होती, माईक, तार, आवाज. सगळं ठीक. आणि मग तिला तिचाच आवाज आठवला. 'आपण आपली अडचण सांगावी.' अगं बया. बिघाड इथंच होता. मीच आधी तोंड बदललं, तर ती कशाला आपलं ठेवील? बाई परक्या घरात आली, घरची पोर परक्यासारखी बोलायला लागली, मग तिनंही परकी भाषा काढली. तिला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं.

आता समोर दोन वाटा होत्या. साहेबांपुढं नीट बोलून अब्रू राखायची आणि घरी जायचं, नाहीतर साहेबांपुढंच दहा वर्षांत कुठल्याही ऑफिसात बोलली नव्हती तसं बोलायचं. तिनं खुर्ची मागं सारली आणि कुशाबाईकडं तोंड केलं.

"काकू, ह्ये कुनाचं त्वांड लावून आलीस गं?"

साहेबांचा हात फोनवरच थांबला.

"आता!" कुशाबाई दचकली. "तूच न्हवं का म्हनलीस, आपन सांगा म्हनून? मला वाटलं, हितं तसंच बोलत्यात."

"मी चुकले. माजं ऱ्हाऊ दे. गाय कुनाची हाय, तुजी का सायबाची?"

"माजी हाय की!"

"मग तिला आहेत-आहेत काय करतीस? का गुदस्ता ती दगडीनं तळमळत हुती तवाबी अशीच शुद्ध बोलत बसली हुतीस फोनवर?"

हे बोलणं लागणारं होतं आणि राजेश्वरीनं ते लागावं म्हणूनच बोललं होतं. कुशाबाईचे डोळे लाल झाले. माईक, साहेब, पातळ, सगळं ती विसरली.

"त्वांड सांभाळ, राजे! कुनी बोलू दिलं गं मला? एक दाबा म्हनं, दोन दाबा म्हनं. दाबाया फोन कानापास्नं काढला की ती भवानी फुडं निघून जायाची! दीस उगवल्यापास्नं मी बटनं दाबतीया आन् तिकडं गाय पाय झाडतीया. कास नुसती दगड. हात लावू दिना. वासराला लाथ मारली तिनं, पोटच्या वासराला! जनावराला बोलता येत न्हाय, म्हनून मी बोलत हुते. तर माजंबी कुनी ऐकंना. आन् तू मला इचारतीस शुद्ध बोललीस का? लाज न्हाय वाटत?"

राजेश्वरीला लाज वाटत होतीच. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिनं पुसलंही नाही. तिनं फक्त बोट करून पडदा दाखवला.

पडद्यावर अख्खं बोलणं उतरलं होतं. 'दाबाया', 'भवानी', 'ऐकंना', एकूण एक शब्द जागच्या जागी. खाली कानानं स्वतःहून एक ओळ काढली होती : 'गाय. कासेला दगडी. तातडीचं. डॉक्टरला निरोप.' आणि द्वारकाबाई बोलल्या, "समजलं बाई. डाक्तरला सांगितलंय. कास गरम लागतीया का?"

"न्हाय बाई, आता बरी हाय ती," कुशाबाईनं नाक ओढत उत्तर दिलं. "गुदस्ताची गोष्ट हाय ही."

"बरं झालं," द्वारकाबाईंचा आवाज म्हणाला.

 साहेब उठून पडद्यापाशी गेले आणि वरपासून खालपर्यंत वाचून आले.

"हे पाठ करून आणलेलं नाही, कशावरून?" त्यांनी विचारलं.

"पाठ केलेलं मघाशी ऐकलंत की तुम्ही," राजेश्वरी म्हणाली. "आता तुम्हीच बोला." आणि माईक तिनं त्यांच्यापुढं सरकवला.

साहेबांनी घसा साफ केला. "आमच्या म्हशीने आज दूध कमी दिले आहे." कानानं अर्धं बरोबर लिहिलं, अर्धं भलतंच.

"सायेब, घरच्यावानी बोला की," कुशाबाई म्हणाली. आता तिची भीड मेली होती.

"मी घरी असंच बोलतो, मावशी."

"आईसंगंबी?"

 साहेबांनी एकदा माईककडं पाहिलं. मग उठले, दार लावून आले आणि हळू आवाजात, जसं काही कुणी ऐकेल की काय अशा बेतानं बोलले, "आये, रेडी सोडलीया का खुट्याला हाय? मी दुपारच्याला येतू. माज्यापुरती भाकर ठिव."

पडद्यावर ती ओळ आली. काना-मात्रेचाही फरक नव्हता. आणि द्वारकाबाईंच्या आवाजानं विचारलं, "रेडीला काय झालंय बाबा?"

साहेबांनी एकदम खिडकीबाहेर पाहिलं. "माळेगावला हुती आई," ते म्हणाले. "चार वर्षं झाली जाऊन. त्याच्यानंतर असं कुनासंगं बोललोच न्हाय."

कुशाबाईनं पाण्याचा पेला त्यांच्याकडं सरकवला. ते प्यायले, रुमालानं तोंड पुसलं, आणि पुन्हा साहेब होऊन खुर्चीत बसले.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण एक शंका आहे. सही माझ्या हातात आहे, मात्र वरच्या मंडळींना मला उत्तर द्यावं लागेल, आणि ते पहिला प्रश्न हाच विचारणार. तुमच्या यंत्राला शुद्ध बोललेलं कळत नाही, हे आत्ता आपण तीन वेळा बघितलं. जे शेतकरी शुद्ध बोलतील त्यांचं काय करायचं?"

प्रश्न बरोबर होता. राजेश्वरीकडं त्याला उत्तरही होतं : दोन महिने द्या, तेही शिकवते. ती तोंड उघडणार, तेवढ्यात कुशाबाई बोलली.

"सायेब, गाय मराया टेकल्यावर कोन शुद्ध बोलतंय वो?"

रणजितसाहेबांनी पेन उघडलं.  मग त्यांनी राजेश्वरीनं आणलेला कराराचा कागद ओढला आणि त्यावर सही करता करता विचारलं, "पयल्या तारखेपास्नं लावायचं का?"

"व्हय," राजेश्वरी म्हणाली. "लावू की."